घरचा खाद्यपदार्थांचा धंदा सांभाळणाऱ्या आजीची, तिच्या हाताच्या चवीची एखादी आठवण सांगाल का?

चवीचं विचाराल तर आमच्या घरी स्वयंपाक काकू करायची. आज्जीच्या हातात तागडी असायची.

गडहिंग्लजला आमचं चटणीचं दुकान आहे. चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. पाटीवर आजोबांचं नाव होतं, पण आजोबांना ब्याडगी आणि गुंटूर मिरच्या शेजारी ठेवल्या तरी ओळखता आल्या नसत्या. खरेदी, उधारी, बायकांची मजुरी, सगळं आज्जी बघायची.

गडहिंग्लजचा मिरची बाजार नावाजलेला. आसपासच्या गावांतून आणि पलीकडच्या संकेश्वर भागातून जवारी मिरची यायची, ती तिखटाला आणि वासाला. रंगाला ब्याडगी लागायची. वजन वाढावं म्हणून मिरचीवर पाणी मारायची खोड काही विकणाऱ्यांना असते. आज्जी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठभर मिरची काढायची आणि कानाशी धरून हलवायची. वाळलेल्या मिरचीचं बी आत खुळखुळतं. ओल धरलेली मुकी राहते. मुकी निघाली की सगळ्यांसमोर म्हणायची, "पाण्याचा दर येगळा सांग, मिरचीचा येगळा." मग तो बिचारा आपणहून दर उतरवायचा.

फेब्रुवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसायची. परड्यात मिरची वाळतेय, सोप्यात बायका देठं मोडतायत, आत कांदा तळला जातोय, बाहेर डंखाचा, म्हणजे मिरची कांडायच्या यंत्राचा, दणदणाट. देठं मोडून हातांची अशी आग व्हायची की बायका तेल चोळून बसायच्या. धणे, तीळ, खोबरं कुणीही भाजावं, पण लवंग, दालचिनी, दगडफूल, नागकेशर यांचं वजन आज्जी पहाटे एकटी करायची आणि फडक्यात गाठोडी बांधून ठेवायची. भाजणाऱ्या बाईच्या हातात नुसतं गाठोडं पडायचं. प्रमाण सुनांनासुद्धा माहीत नव्हतं. काकूला याचा फार राग होता आणि तो बरोबरच होता, असं मला वाटतं. ज्या घरात उभा जन्म राबलात तिथं तुमच्यापासून लवंगा लपवल्या तर कुणालाही लागेलच.

तिचा खरा कस लागला तो गिरणी संपात. आमच्या भागातली, आजरा-चंदगडकडची कितीतरी माणसं मुंबईत गिरण्यांत होती. लालबाग-परळच्या खोल्यांवर आणि खानावळींत आमची चटणी एसटीच्या पार्सलनं जायची, पैसे मागाहून मनिऑर्डरनं नाहीतर गणपतीला गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, म्हणजे ऐन मिरची खरेदीच्या दिवसांत. माल भरून ठेवलेला आणि मुंबईची गिऱ्हाइकं वळकट्या बांधून गावात परत. उधारीची वही तशीच.

तिनं ती उधारी सोडली नाही, दारात जाऊन तमाशाही केला नाही. परत आलेल्यांच्या बायकांना देठं मोडायला बोलावलं, अर्धी मजुरी हातात आणि अर्धी खात्यावर वळती. अडचणीत हाताला काम दिलं असं सांगणारी माणसं गावात आहेत आणि उपाशी माणसाची मजुरी कापली म्हणणारीही. घरी विचारलं तर ती एवढंच म्हणायची, "खातं मिटलं न्हवं?"

त्याच वर्षी तिनं दुसऱ्यांची चटणी कांडून द्यायला सुरुवात केली. लोकांनी आपली मिरची, आपला मसाला आणायचा, आम्ही किलोमागे कांडप घ्यायचं. मालात पैसा अडकत नाही आणि सिझनला गिऱ्हाईक आपल्या पायानं दारात येतं. माझ्या मते धंद्याची खरी अक्कल या एका निर्णयात होती, पण घरातले लोक अजून तिच्या गरम मसाल्याचंच कौतुक करत बसतात. तो चांगला होता, पण तसा मसाला आमच्या गल्लीत आणखी दोन घरांत तरी होत असे.

आता दुकान चुलतभाऊ बघतो. त्यानं पाकिटं काढलीत, फूड लायसनचा नंबर, वजन, सगळं रीतसर, आणि वर आज्जीचा हसरा फोटो. तो फोटो माझ्या लग्नातला आहे. दुकानात ती कुणाशी हसून बोलताना दिसलीच, तर समोरच्यानं नुकतीच थकबाकी भागवलीय असं खुशाल समजावं.