वाचकांचे प्रश्न : डोम कॅमेरा ॲनालॉग घ्यावा की नेटवर्क?

दुकाने, गोदामे आणि लहान कारखान्यांतील सुरक्षा कॅमेऱ्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच निवडीकडे आहे. त्यांतील ज्या प्रश्नांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील, ते येथे घेतले आहेत.

प्रश्न : आमचे साड्यांचे दुमजली दुकान आहे. आठ ॲनालॉग डोम कॅमेरे बऱ्याच वर्षांपूर्वी बसवलेले आहेत. अलीकडे चोरी झाली, चित्रणात व्यक्ती दिसली, पण चेहरा काही ओळखू आला नाही. एक तंत्रज्ञ म्हणतो की त्याच वायरीवर नवे कॅमेरे आणि नवा डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) बसवा. दुसरा म्हणतो की ॲनालॉग कालबाह्य झाले, सगळे काढून नेटवर्क करा. दुसऱ्याचा खर्च जवळजवळ दुप्पट आहे. काय करावे?
(कापड व्यापारी, सांगली)

उत्तर : आपल्या जुन्या कॅमेऱ्यांचे चित्र बहुधा ७२० बाय ५७६ पिक्सेलचे, म्हणजे सुमारे चार लाख बिंदूंचे असावे. ‘पाल’ या जुन्या टीव्ही पद्धतीच्या ॲनालॉग कॅमेऱ्यांची मर्यादा साधारण तेवढीच होती आणि त्या काळात स्पष्ट चित्र हवे असेल तर नेटवर्क कॅमेऱ्यावाचून पर्याय नव्हता. ती परिस्थिती आता राहिलेली नाही. एचडी-सीव्हीआय, एचडी-टीव्हीआय आणि एएचडी या पद्धती आल्यापासून त्याच कोॲक्सिअल (केबल टीव्हीसारख्या) वायरीवरून १९२० बाय १०८० पिक्सेलचे, म्हणजे वीस लाखांहून अधिक बिंदूंचे चित्र नेता येते, आणि पाच मेगापिक्सेलचे ॲनालॉग डोमही बाजारात सहज मिळतात. म्हणून ‘ॲनालॉग म्हणजे अस्पष्ट’ हे दुसऱ्या तंत्रज्ञाचे गृहीतक आज बरोबर नाही. दोन्ही प्रकारांतला खरा फरक असा की ॲनालॉग पद्धतीत चित्राचे संगणकीय रूपांतर आणि आकुंचन डीव्हीआरमध्ये होते, तर नेटवर्क पद्धतीत ते कॅमेऱ्यातच होऊन तयार माहिती वायरीत येते.

मात्र त्याआधी एक हिशेब करून पाहावा, कारण चेहरा का दिसला नाही याचे उत्तर त्यातच आहे. कॅमेऱ्यांच्या योजनेसाठी आयईसी ६२६७६-४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीनुसार अनोळखी माणसाची ओळख निःशंकपणे पटवायची असेल तर तो उभा असलेल्या ठिकाणी दृश्याच्या रुंदीत दर मीटरला २५० पिक्सेल हवेत. आधीपासून माहीत असलेला माणूस तोच आहे का एवढे पाहण्यास १२५ पुरतात. आणि कोणी तरी आले एवढेच कळण्यास २५ देखील चालतात. डोम कॅमेऱ्यात सर्रास येणारी २.८ मिलिमीटरची लेन्स सुमारे १०० अंशांचा कोन पाहते, म्हणजे तीन मीटर अंतरावर सुमारे सात मीटर रुंदीचे आणि सहा मीटर अंतरावर सुमारे चौदा मीटर रुंदीचे दृश्य टिपते. त्यामुळे १९२० पिक्सेलचा कॅमेरासुद्धा तीन मीटरवरच चेहरा पटवण्याजोगा देतो. सहा मीटरवर तो जेमतेम ओळखीच्या माणसापुरता उरतो. आपल्या जुन्या कॅमेऱ्याला सहा मीटरवर दर मीटरला पन्नासच्या आसपास पिक्सेल मिळत असणार. मग चोराचा चेहरा दिसणार कसा?

हा हिशेब दोन्ही पद्धतींना सारखाच लागू आहे. नेटवर्क डोम घेऊन तो हॉलच्या मध्यभागी छताला लावला आणि दरवाजा दहा मीटर दूर राहिला, तर वाढीव पैसे देऊनही हाती तोच पश्चात्ताप येईल. म्हणून माझा सल्ला असा की सर्वप्रथम दरवाजा आणि गल्ला या दोन जागांसाठी स्वतंत्र कॅमेरे ठरवावेत आणि त्यांचे काम चेहरा टिपणे एवढेच ठेवावे. ते तीन-साडेतीन मीटर उंच छतावर लावण्याऐवजी सव्वादोन मीटरच्या आसपास, थोडी मोठी लेन्स घालून बसवावेत, कारण वरून केवळ टोपी आणि केसच दिसतात. दरवाजा काचेचा असेल तर बाहेरच्या उजेडामुळे आत येणाऱ्याचा चेहरा काळा पडतो. त्यासाठी कॅमेऱ्यात खरी डब्ल्यूडीआर (उजेड आणि अंधार दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवणारी) सुविधा हवी, आणि तिचे मूल्य माहितीपत्रकात १२० डेसिबल असे छापलेले असते. नुसते ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ लिहिलेले असेल तर ती सुविधा खूपच दुबळी असते.

आता वायरीचा प्रश्न. आपली जुनी वायर तांब्याची आणि शाबूत असेल तर ती टाकून देण्याचे कारण मला दिसत नाही. निर्णयापूर्वी तंत्रज्ञाला एक नवा कॅमेरा सर्वांत लांबच्या वायरीला जोडून संध्याकाळी, दुकानातील सर्व दिवे लावून, चित्र दाखवायला सांगावे. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील किंवा रंग फिकट पडत असतील, तर आधी दोन्ही टोकांचे बीएनसी कनेक्टर बदलून पाहावे, आणि त्यानेही भागले नाही तरच नवी वायर ओढावी. एलईडी दिव्यांखाली चित्र लुकलुकत असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये वारंवारता ६० ऐवजी ५० हर्ट्झ आहे का, ते पाहावे; आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असते, आणि पुष्कळ ‘खराब’ कॅमेरे एवढ्या बदलाने नीट होतात.

एकंदरीत, आपल्याकरिता सहा ॲनालॉग डोम जुन्या वायरीवर आणि दरवाजा व गल्ल्यासाठी दोन नेटवर्क डोम, हे सर्व दोन्ही प्रकार स्वीकारणाऱ्या एक्सव्हीआर यंत्रावर, ही रचना मी सुचवीन. नव्या कॅमेऱ्याची पद्धत त्या यंत्राला चालते का, हे बिल करण्यापूर्वी लेखी घ्यावे.

प्रश्न : आमच्या कारखान्याची नवी शेड बांधून होत आली आहे. चोवीस कॅमेरे लागतील. विद्युत ठेकेदार थ्री प्लस वन (चित्रासाठी एक कोॲक्सिअल आणि वीज वगैरेंसाठी तीन तारा एकत्र असलेली) वायर ओढायला सांगतो, कारण ती स्वस्त आहे. गोदाम कार्यालयापासून सुमारे १६० मीटर आहे. नेटवर्क वायर तेवढी लांब चालत नाही असे तो म्हणतो. शिवाय हार्ड डिस्कचा खर्च कोणत्या पद्धतीत जास्त येईल?
(लघुउद्योजक, अंबड, नाशिक)

उत्तर : भिंती अजून उघड्या आहेत, त्यामुळे आपली परिस्थिती सांगलीच्या व्यापाऱ्यांहून अगदी वेगळी आहे आणि माझे मत निःसंशय नेटवर्कच्या बाजूने आहे. आपल्या ठेकेदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. इथरनेटच्या तांब्याच्या वायरीची मर्यादा १०० मीटर आहे, आणि त्यात दोन्ही टोकांच्या छोट्या जोडवायरीही धरायच्या असतात. परंतु गोदामापर्यंत ऑप्टिकल फायबर नेऊन तेथे एक छोटा पीओई स्विच (कॅमेऱ्यांना एकाच वायरीने वीज आणि नेटवर्क देणारे जोडणी-यंत्र) बसवला की ही अडचण उरत नाही. शिवाय फायबरमधून वीज वाहत नसल्यामुळे दोन इमारतींच्या अर्थिंगमधील फरक किंवा जवळपास पडलेल्या विजेचा झटका त्या वाटेने कार्यालयातील यंत्रापर्यंत पोहोचत नाही. दोन इमारतींना जोडणारी लांब तांब्याची वायर हा पावसाळ्यातला मोठा धोका असतो, आणि हा एक मुद्दा मला खर्चाच्या फरकापेक्षा अधिक वजनदार वाटतो.

थ्री प्लस वनमधून चित्र १६० मीटर नक्की जाईल. चांगल्या कोॲक्सिअलवर १०८० ओळींचे चित्र त्याहून दूरही जाते. अडते ते विजेपाशी. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार धरली तर जाऊन-येऊन ३२० मीटरचा रोध सुमारे ११ ओहम होतो, आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागल्यावर कॅमेऱ्याने अर्धा अँपियर विद्युतप्रवाह घेतला तर १२ व्होल्टपैकी साडेपाच व्होल्ट वाटेतच संपतात. मग दिवसा उत्तम चालणारा कॅमेरा अंधार पडला की बंद-चालू होऊ लागतो, आणि दोष मात्र कॅमेऱ्याला दिला जातो. वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघाली तर स्थिती आणखी बिकट होते. हा मुलामा नेटवर्कच्या वायरीतही सापडतो, म्हणून तार चाकूने खरवडून आत पांढरा धातू दिसतो का, हे स्वतः पाहावे.

पीओई पद्धतीत वीज आणि चित्र एकाच कॅट-६ वायरीने जातात. वीज ४८ व्होल्टच्या आसपास असल्याने वाटेतील घट तुलनेने किरकोळ ठरते. २००३ च्या ८०२.३एएफ मानकानुसार स्विच एका वायरीवर १५.४ वॅटपर्यंत वीज देतो आणि कॅमेऱ्यापाशी १२.९५ वॅटची हमी असते. स्थिर डोमला एवढी पुरते. मात्र स्विचची एकूण क्षमता निराळी मोजावी लागते, कारण चोवीस जोडण्या असलेला प्रत्येक स्विच चोवीसही कॅमेऱ्यांना एकाच वेळी पुरेशी वीज देईलच असे नाही. सर्व कॅमेरे एकाच स्विचवर ठेवू नयेत, कारण तो बिघडला की संपूर्ण कारखाना आंधळा होतो. नेटवर्क पद्धतीचा हा दोष खराच आहे. दोन-तीन स्विच, प्रत्येकाला यूपीएस आणि प्रत्येकावर दोन-चार मोकळ्या जोडण्या, अशी तजवीज ठेवावी. मोक्याच्या कॅमेऱ्यांमध्ये मेमरी कार्ड घालावे, म्हणजे मधली वायर तुटली तरी तेवढ्या वेळेचे चित्रण कॅमेऱ्यातच साठते.

हार्ड डिस्कच्या खर्चाविषयी आपण पुढे जे विचारले आहे, त्यात दोन पद्धतींमध्ये मूलभूत फरक नाही, कारण जागा लागते ती आकुंचित चित्राच्या बिटदरानुसार, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती तयार होते त्यानुसार. सेकंदाला ४ मेगाबिट दराने एक कॅमेरा दिवसाला ४३.२ गिगाबाइट जागा घेतो. चोवीस कॅमेरे तीस दिवस ठेवायचे तर सुमारे ३१ टेराबाइट लागतात. एच.२६५ या चित्र-आकुंचनाच्या पद्धतीने दर निम्म्यावर आणता आला तर तेवढ्याच प्रमाणात जागा वाचते. चोवीस कॅमेऱ्यांचा मिळून प्रवाह सेकंदाला ९६ मेगाबिट होतो, तेव्हा स्विचपासून एनव्हीआरपर्यंतची (नेटवर्क कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रापर्यंतची) जोडणी गिगाबिटचीच हवी, आणि एनव्हीआर एकूण किती प्रवाह स्वीकारतो हेही माहितीपत्रकात तपासावे.

प्रश्न : ॲनालॉग कॅमेरे हॅक होऊ शकत नाहीत, म्हणून औषधाच्या दुकानाला तेच योग्य, असे विक्रेता सांगतो. हे खरे आहे का?
(औषध विक्रेते, पुणे)

उत्तर : ॲनालॉग कॅमेऱ्यात इंटरनेटवरून शिरता येत नाही हे खरे, परंतु आपण तो डीव्हीआरमार्फत मोबाईलवर पाहता, आणि तो डीव्हीआर इंटरनेटला जोडलेला एक संगणकच असतो. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील लाखो उपकरणे ताब्यात घेतली, तेव्हा त्यांत नेटवर्क कॅमेऱ्यांबरोबर डीव्हीआरही मोठ्या संख्येने होते, आणि शिरकावाची युक्ती केवळ कारखान्यातून आलेले, कधीच न बदललेले पासवर्ड वापरून पाहणे एवढीच होती. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये याच उपकरणांच्या साहाय्याने, संकेतस्थळांचे इंटरनेटवरील पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर झालेल्या हल्ल्यामुळे अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास कोलमडली. म्हणून पद्धत कोणतीही असो, पासवर्ड बदलावा आणि तो तंत्रज्ञाकडे राहू देऊ नये, राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याच्या वाटा) उघडे ठेवू नयेत, आणि बिलाचा संगणक व कॅमेरे एकाच नेटवर्कवर ठेवू नयेत. केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्या आवश्यक केल्या असून ती सक्ती एप्रिल २०२५ पासून आहे. तेव्हा आपण घेत असलेल्या नेमक्या मॉडेलचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडे मागावे.

प्रश्न : आमच्या हॉटेलच्या आवारातील डोम कॅमेऱ्यांचे चित्र रात्री धुक्यासारखे पांढरे होते. नेटवर्क डोम घेतल्यास सुधारेल का?
(हॉटेल व्यावसायिक, रत्नागिरी)

उत्तर : सुधारणार नाही. हा दोष घुमटाचा आहे. इन्फ्रारेड दिव्यांचा प्रकाश घुमटावरील धूळ, बोटांचे ठसे आणि समुद्राच्या वाऱ्याने बसलेला खारट थर यांवरून परावर्तित होऊन लेन्समध्ये येतो. लेन्सभोवतीची फोमची कडी सरकली असेल तरीही तसेच होते. मऊ ओल्या कापडाने घुमट पुसावा आणि कडी घुमटाला नीट टेकली आहे का ते पाहावे. आवारात जेथे कोणाचा हात पोहोचत नाही, तेथे घुमट नसलेला, बाजारात ‘आयबॉल’ म्हणून मिळणारा टरेट कॅमेरा अधिक चांगला. हात किंवा काठी पोहोचेल अशा जागी मात्र घुमटच हवा, आणि तो आयके-१० दर्जाचा, म्हणजे २० जूलचा आघात सोसणारा असावा.

प्रश्न : आमच्या दुकानातील चित्रण पोलिसांना द्यावे लागले. ते न्यायालयात टिकण्यासाठी कोणत्या पद्धतीचा कॅमेरा चांगला?
(सराफ, जालना)

उत्तर : चित्रण ॲनालॉग आहे की नेटवर्क यावरून न्यायालय ते स्वीकारत किंवा नाकारत नाही, ते कसे जपले आणि कसे सादर केले, हे पाहते. आपल्याच जिल्ह्यातील निवडणूक वादात, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात, निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रणाचाच प्रश्न होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले की मूळ उपकरण सादर न करता प्रत दिली तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही तरतूद असून, त्यातील प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्यही (फाइलवरून काढलेला, फाइल बदलली की बदलणारा आकडा) लिहावे लागते.

नेटवर्क पद्धतीचा येथे एक लहानसा फायदा असा की सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे एकाच वेळ-सर्व्हरशी आपोआप जुळवता येतात. इंटरनेटला न जोडलेल्या डीव्हीआरचे घड्याळ हळूहळू सरकत जाते आणि त्याकडे कोणाचे लक्ष नसते. प्रत काढण्यापूर्वी घाईघाईने ते घड्याळ दुरुस्त करू नये. यंत्रावरील वेळ आणि मोबाईलवरील वेळ एकाच छायाचित्रात येतील असे टिपावे, फरक किती आहे हे तारखेसह लिहून ठेवावे, आणि जुने चित्रण पुसून त्यावर नवे बसण्याआधी, शक्यतो त्याच दिवशी, यंत्राच्या मूळ स्वरूपातील फाइल आणि ती उघडणारा प्लेअर असे दोन्ही दोन स्वतंत्र पेनड्राइव्हवर घ्यावे.