रेणूंचं डिफ्यूजन (आपोआप इकडेतिकडे सरकत राहणं) न्यूट्रॉनने कसं कळतं? एक्स-रे का चालत नाहीत? आणि मुंबईत हे करता येतं का?

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी विचारलंय, म्हणून आकड्यांसकट सांगतो.

एक अँगस्ट्रॉमच्या एक्स-रे फोटॉनची ऊर्जा सुमारे 12,400 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. पाण्याचा रेणू सरकल्याने तीत पडणारा फरक एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. तो हुडकणार कसा? चार अँगस्ट्रॉमच्या न्यूट्रॉनकडे मुळात ऊर्जाच 5 मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणून तेवढा फरक लगेच उठून दिसतो. शिवाय एक्स-रेला जो हायड्रोजन जेमतेम दिसतो, तो न्यूट्रॉनला सगळ्यात आधी दिसतो. त्याचा इनकोहेरंट क्रॉस-सेक्शन (एकेकट्या अणूवरून न्यूट्रॉन विखुरण्याचं माप, बार्न या एककात) 80 बार्न, ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, फक्त 2. नमुन्याच्या नको असलेल्या भागात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातलं की तो भाग गप्प!

माटुंग्याला न थांबता सुटलेल्या फास्ट लोकलचा भोंगा जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो. न्यूट्रॉनच्या ऊर्जेचंही तसंच. पण रेणू एकाच वेळी सगळ्या दिशांना पळत असतात, त्यामुळे विखुरलेल्या न्यूट्रॉनच्या ऊर्जेच्या आलेखातलं शिखर जागचं हलत नाही, नुसतं फुगतं. सगळी गंमत त्या रुंदीत आहे. साध्या डिफ्यूजनमध्ये शिखराच्या अर्ध्या उंचीवरची अर्धी रुंदी म्हणजे एच-बार (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन पाय) गुणिले डिफ्यूजन गुणांक गुणिले क्यूचा वर्ग (क्यू म्हणजे मोमेंटम ट्रान्सफर, धडकेत न्यूट्रॉनच्या संवेगात पडलेला फरक, एच-बारने भागलेला). पाण्याचा गुणांक 25 अंशांना 2.3 × 10⁻⁹ चौरस मीटर प्रति सेकंद. क्यू एक प्रति अँगस्ट्रॉम घेतलात तर उत्तर सुमारे 150 मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एकदा हाताने करून बघाच.

नुसता गुणांक काढायला एनएमआरही (अणुकेंद्रांचं चुंबकीय अनुनाद तंत्र) आहे. न्यूट्रॉन लागतो तो रेणू सरकतो कसा हे बघायला. क्यू वाढवत नेला की रुंदी वर्गाची रेषा सोडून वाकते आणि सपाट होते. म्हणजे रेणू एका जागी थांबतो, मग उडी मारतो. सपाट भागावरून थांबण्याचा वेळ निघतो, वाकण्यावरून उडीची लांबी. उलट, लहान क्यूलाही रुंदी शून्याकडे जाईना, तर रेणू कुठल्यातरी पिंजऱ्यात अडकलाय. झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या पोकळ्यांमध्ये हे छान दिसतं.

मुंबईत होतं. ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ या 100 मेगावॉटच्या, 1985 साली सुरू झालेल्या अणुभट्टीवर क्वासी-इलास्टिक स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे शिखराची हीच रुंदी मोजणारं यंत्र, आहे. विद्यापीठवाल्यांसाठी यूजीसी-डीएईच्या सीएसआरचं (कन्सॉर्शियम फॉर सायंटिफिक रिसर्च) मुंबई केंद्र आहे, अर्ज गाइडकडून करा. फक्त ध्रुवच्या यंत्राचं रिझोल्यूशन (त्याची स्वतःची रुंदी) सुमारे 200 मायक्रो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, तेव्हा पिकोसेकंदातल्या हालचालीच निवडा. घट्ट पॉलिमरसारखं संथ काही असेल तर फ्रान्समधल्या ग्रेनोबलला आहे तशा, फार बारीक फरक ओळखणाऱ्या बॅकस्कॅटरिंग यंत्राशिवाय गत्यंतर नाही.

नमुना पातळच ठेवा, पाण्याचा थर पाव मिलिमीटरच्या आत. जाड झाला की न्यूट्रॉन आतच दोन-तीनदा आपटतो आणि रुंदी खोटी येते. व्हॅनेडियम या धातूचं मोजमापही त्याच आकाराच्या डबीत, त्याच मांडणीत घ्या. यंत्राची स्वतःची रुंदी त्यावरूनच कळते, आणि ती माहीत नसेल तर फिटिंगला (मोजलेल्या शिखराला सूत्र जुळवायला) बसूच नका.