दक्षिण फ्रान्स-स्पेनमधला माँपेलिए साप विषारी असतो का?

निमविषारी. आपल्या हरणटोळासारखेच याचे विषदंत वरच्या जबड्यात पार मागे असतात. त्यामुळे झटकन चावून सोडलं, तर बहुधा विष अंगात जात नाही. पण बोट तोंडात खोलवर गेलं आणि त्यानं चावा धरून ठेवला, तर सूज येते, क्वचित पापण्याही जड होऊन मिटू लागतात. म्हणून कृपया हाताळू नका.

पोर्तुगाल आणि मोरोक्कोतल्या झुडपी माळांवरही हा सापडतो. नर 2 मीटरपर्यंत वाढतो, मादी बरीच लहान. मला सर्वांत भावते ती त्याची नजर: भुवया आवळल्यासारखे मोठे डोळे, दिवसाउजेडी शिकार, डोकं उंच उचलून सरडे हेरणं. नाकपुडीजवळचा स्राव तो अंगभर चोळतो, तेही बघत राहावं असंच.