बायोप्सीआधी एमआरआय कशासाठी?

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. लघवीची धार बारीक झाली आहे, रात्री चार-पाचदा उठतात. रक्तातला पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीतून येणारं प्रथिन) ९.२ आला. सोनोग्राफीत 'प्रोस्टेट ४६ ग्रॅम, वाढलेली' एवढंच. डॉक्टर आधी एमआरआय करा म्हणतात. त्यासाठी संभाजीनगर गाठायचं, खर्च वेगळाच. सरळ बायोप्सी केली तर?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : आधी एमआरआयच करा. बायोप्सीनंतर ग्रंथीत रक्त साकळतं, एमआरआयवर तो डाग गाठीसारखा दिसू शकतो आणि मग सहा-आठ आठवडे थांबावं लागतं. शिवाय नेहमीच्या बायोप्सीत दहा-बारा तुकडे ठरलेल्या जागांवरून घेतात. ग्रंथीच्या पुढच्या भागातली गाठ हुकू शकते. २०१८च्या 'प्रिसिजन' चाचणीत ५०० पुरुष होते. आधी एमआरआय केलेल्या गटात धोक्याचा कर्करोग ३८ टक्क्यांना सापडला, सरळ बायोप्सीच्या गटात २६ टक्क्यांना. एमआरआय गटातल्या २८ टक्क्यांना तर बायोप्सी लागलीच नाही.

त्याआधी एक बघा. लघवीत जंतुसंसर्ग असेल किंवा नुकतीच नळी टाकली असेल, तर पीएसए उगाच चढतो. सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा. उलट फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (प्रोस्टेट आकसवणारी औषधं) सहा महिने चालू असेल, तर आकडा जवळपास निम्मा दिसतो. हे डॉक्टरांना सांगाच.

चिठ्ठीवर 'मल्टिपॅरामेट्रिक प्रोस्टेट' (म्हणजे अनेक प्रकारची चित्रं घेणारा एमआरआय) असं लिहून घ्या. ओटीपोटाचा साधा एमआरआय पुरत नाही. यात डिफ्यूजन चित्रं, म्हणजे पाण्याची हालचाल दाखवणारी चित्रं, महत्त्वाची. कर्करोगाच्या पेशी दाटीवाटीनं असतात, त्यांच्यात पाणी हलत नाही, म्हणून ती जागा या चित्रांवरून काढलेल्या 'एडीसी' नकाशावर काळी उमटते. गुदाशयात वायू असला की हेच चित्र वाकतं, तेही नेमकं ग्रंथीच्या मागच्या बाजूला, जिथं बहुतेक गाठी असतात. म्हणून सकाळी पोट साफ करूनच जा. एमआरआयच्या वेळी देतात त्या इंजेक्शनसाठी क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडं नीट चालतात का ते सांगणारा) रिपोर्ट न्या. पेसमेकर किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा असेल, तर वेळ घेतानाच सांगा. यंत्र ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मिळालं तर उत्तम, १.५ही चालतं.

अहवालात पाय-रॅड्स १ ते ५ असा आकडा येतो. १-२ म्हणजे शक्यता कमी, ४-५ला बायोप्सी करावीच. हा आकडा संशयाचा आहे, निदानाचा नव्हे. ग्रंथीची सूजही कधी तशीच दिसते. ३ आला तर पीएसएला ग्रंथीच्या आकारानं भागतात. वडिलांचं ९.२ भागिले ४६, म्हणजे ०.२०. हे ०.१५च्या वर आहे, त्यामुळे ३ आला तरी बायोप्सी टाळू नये, आणि १-२ आला तरी डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

फिल्मसोबत सीडी मागून घ्या. सोनोग्राफीवर एमआरआय बसवून नेमक्या जागी सुई घालायची, तर मूळ चित्रंच लागतात.