प्रत्यक्ष वस्तू पाहून रेखाटन करण्याचा पाया डिझाइनच्या विद्यार्थ्याने कसा पक्का करावा?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही डिझाइनच्या पहिल्या वर्षाला आहात, छायाचित्रावरून काढलेले चित्र बरे जमते, परंतु वर्गात मांडलेल्या वस्तू पाहून काढायला बसलात की सगळेच वाकडे होते, आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नाही. मी ठाण्यात राहते, प्रॉडक्ट डिझाइन शिकले आहे, आणि पहिल्या सत्रात माझीही अवस्था हीच होती. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाले होते, त्यामुळे आपल्याला चित्रकला येते असा माझा पक्का समज होता. महाविद्यालयात पहिल्याच आठवड्यात आमच्यापुढे स्टीलचा एक पेला ठेवण्यात आला. मी तासभर त्याची चकाकी रंगवत बसले. आमच्या शिक्षकांनी काही न बोलता माझ्या चित्रावर ट्रेसिंगचा कागद ठेवला आणि फक्त बाह्यरेषा गिरवून तो कागद माझ्या हातात दिला. त्या उघड्या रेषांत माझी चूक लख्ख दिसत होती: पेल्याचे तोंड वरून पाहिल्यासारखे चांगले लंबगोल होते आणि बूड मात्र बाजूने पाहिल्यासारखे सरळ रेषेत होते. पेला टेबलावर सपाट बसतो हे मला ठाऊक होते, म्हणून मी बूड सपाट काढले होते. प्रत्यक्षात, आपण वरून पाहत असलो तर बुडाचा लंबगोल तोंडाच्या लंबगोलापेक्षा अधिक फुगीर दिसतो, कारण तो डोळ्यांच्या पातळीपासून अधिक खाली असतो. पेला हळूहळू उचलून त्याचे तोंड डोळ्यांच्या बरोबर समोर आणले, तर तोंडाची नुसती एक आडवी रेषा उरते. हा प्रयोग आजच घरी करून पाहा.

छायाचित्रावरून जमते आणि प्रत्यक्षात जमत नाही याचेही कारण यातच आहे. कॅमेऱ्याला एकच भिंग असते आणि ते एकाच जागी स्थिर असते. कोठून पाहायचे हा निर्णय छायाचित्रात आधीच झालेला असतो. आपल्याला दोन डोळे असतात, मान सतत हलत असते, आणि अर्ध्या तासात आपण खुर्चीत कळत नकळत दोन-चार इंच खाली घसरलेले असतो. मग एकाच कागदावर तीन जागांवरून दिसलेली तीन चित्रे एकत्र येतात. माझ्या मते पाहून रेखाटण्याचा पाया एवढाच आहे की पाहण्याची जागा एकच ठेवायची आणि तिथून जे दिसते त्याची एकमेकांशी तुलना करत राहायचे. बाकीची बहुतेक तंत्रे यासाठीच आहेत.

पेन्सिलने माप घेण्याची पद्धत तुम्हाला वर्गात दाखवली असेलच, पण हात कोपरात ताठ का ठेवायचा हे बहुधा कोणी सांगत नाही. कोपर वाकले की पेन्सिल डोळ्याजवळ येते, तिच्यावर धरलेले माप बदलते, आणि पहिल्या मापाची दुसऱ्याशी तुलना निरर्थक होते. एक डोळा मिटावा, पेल्याची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्याने धरावी, आणि ती उंचीत किती वेळा बसते ते पाहावे. पेन्सिलीवरचे माप जसेच्या तसे कागदावर उतरवायचे नसते, फक्त प्रमाण उतरवायचे असते. याच पेन्सिलीला उभी धरले की ओळंब्यासारखी वापरता येते: किटलीच्या तोटीचे टोक आणि तिच्या बुडाची कड यांपैकी बाहेर काय येते, हे एका क्षणात समजते. किटलीची मूठ काढताना मूठ काढूच नका. मूठ आणि पोट यांच्यामधून दिसणाऱ्या मोकळ्या जागेचा आकार काढा. मूठ कशी असते याची कल्पना डोक्यात आधीच तयार असते, त्या पोकळीची नसते, म्हणून ती आपण प्रामाणिकपणे पाहतो.

कागद लावायची फळी मांडीवर सपाट ठेवू नका, ती उभी तिरकी धरा. सपाट कागदाकडे तिरपे पाहिले की त्याची उंची आखूड दिसते, ती भरून काढण्याच्या नादात चित्र उभे लांबट होते, आणि फळी वर उचलल्यावरच ते लक्षात येते. साहित्याबद्दल एवढेच सांगते की २बी पेन्सिल आणि स्वस्त न्यूजप्रिंटचा गठ्ठा पुरेसा आहे. महागडी वही घेतली की पान खराब होण्याची भीती वाटते.

यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह), म्हणजे वस्तू दूर जाताना लहान कशा दिसतात याचे नियम, पुस्तकातून समजत नसेल तर खिडकीच्या काचेवर व्हाइटबोर्डचा मार्कर घेऊन, एक डोळा मिटून, समोरची इमारत सरळ गिरवून काढा. ही युक्ती जुनी आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने १५२५ साली प्रसिद्ध केलेल्या मापनावरील ग्रंथात काचेच्या चौकटीतून पाहून रेखाटणारा माणूस दाखवला आहे. गिरवून झाल्यावर डोके थोडे हलवा: इमारत आणि रेषा यांची फारकत झालेली दिसेल, आणि जागा बदलणे म्हणजे काय ते समजेल. त्यानंतर ठाणे स्थानकाच्या फलाटावर उभे राहून पाहा. रूळ, फलाटाची कड आणि छपराची कड ज्या बिंदूकडे जातात तो तुमच्या डोळ्यांच्याच उंचीवर असतो, आणि तुमच्याएवढ्या उंचीची सगळी उभी माणसे, जवळची असोत वा दूरची, त्यांचे डोळे त्याच आडव्या पातळीवर येतात. बाकावर बसलात की हीच पातळी खाली येते आणि उभ्या माणसांची डोकी तिच्या वर जातात. गर्दीच्या वेळी मात्र हे करायला जाऊ नका. लोक धक्के देतील, आणि त्यांचे चुकत नाही.

डिझाइनच्या विद्यार्थ्याला यापुढे आणखी एक गोष्ट लागते, जी चित्रकाराला तितकीशी लागत नाही: जे दिसत नाही तेही काढणे. पेल्याच्या बुडाची मागची, झाकलेली कड पुसट रेषेने पूर्ण करावी. प्रेशर कुकर काढताना आधी त्याचा मधला अक्ष काढावा आणि झाकणाचा लंबगोल त्या अक्षावर बसवावा. गोल वस्तू आडवी पडलेली असेल तर लंबगोलाचा लहान अक्ष, म्हणजे त्याच्या अरुंद बाजूने मधून जाणारी रेषा, वस्तूच्या मधल्या अक्षाच्या रेषेतच येतो. हा नियम कळला नाही तोवर माझी चाके, बरण्या आणि विजेऱ्या सगळ्या पिळवटलेल्या दिसत होत्या. मी वर म्हटले की ठाऊक असलेले काढू नका, आणि आता ठाऊक असलेलेच काढायला सांगते आहे, हा विरोध तुम्हाला जाणवेल. फरक क्रमाचा आहे. आधी पाहून माप घ्यावे, मग आतली रचना काढून ते माप तपासावे. दोन्ही जुळत नसतील तर पुन्हा वस्तूकडे पाहावे.

छायाप्रकाशाला पहिले दोन महिने हात लावू नका, असे मी माझ्या अनुभवावरून सांगेन, कारण चुकलेले प्रमाण त्याखाली सहज झाकले जाते. पुढे सुरू कराल तेव्हा स्टीलऐवजी मातीच्या कुंडीपासून करा. तिच्यावर उजेडाकडून अंधाराकडे जाणारी छटा सावकाश बदलते, तर स्टीलवर आजूबाजूच्या खोलीचे तुकडे दिसतात. डोळे किलकिले करून पाहिले की बारकावे विरतात आणि मोठे गडद भाग उरतात.

माणसे हलतात, त्यामुळे तिथे मोजमापाला फारसा वाव नसतो. मी कामासाठी ठाण्याहून ऐरोली-वाशीकडे जाणाऱ्या गाडीने जाते, आणि गाडीची वाट पाहणाऱ्यांची अर्ध्या मिनिटाची रेखाटने करते: आधी वजन कोणत्या पायावर आहे, मग खांदे आणि कंबर कोणीकडे झुकली आहे, एवढेच. कोणी टक लावून पाहिलेले लोकांना आवडत नाही, म्हणून पाठमोरी माणसे निवडते. एखाद्या रविवारी सकाळी ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कठड्यापाशी बसून नौकाविहाराची एक होडी काढून पाहा. ती आधी एका लांबट खोक्यात बसवा, खोक्याचा मध्य कर्णांनी शोधा, आणि मगच काठाची वळणदार रेषा काढा. पहिल्या पाच-सहा होड्या बुडतील असे वाटते. माझ्या तरी वाटल्या.