धरणं-बंधाऱ्यांमुळे माशांच्या ये-जा करण्यावर काय परिणाम होतो? हवामान बदलामुळे तो वाढतो का?

हो, वाढतो. मासे अंडी घालायला, खाद्य शोधायला आणि उन्हाळ्यात थंड पाण्याकडे जायला नदीत वर-खाली फिरतात. यातलं तिसरं कारण आता जास्त महत्त्वाचं होत चाललंय. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि माशाला वरच्या थंड उपनद्या गाठाव्याच लागतात. वाटेत भिंत असेल तर तो तिच्या पायथ्याशीच अडकतो.

मोठ्या धरणांबद्दल सगळे बोलतात, पण छोटे बंधारे आणि रस्त्याखालचे पाइपही तितकेच घातक ठरू शकतात. भरल्या नदीत मासा जो बंधारा सहज ओलांडतो, तोच पाणी उतरलं की त्याच्यासाठी कडा होतो. पाऊस लहरी झाला की ओलांडण्याचे दिवसच कमी होतात.

मत्स्यमार्ग, म्हणजे माशांना अडथळा ओलांडता यावा म्हणून बांधलेली पाण्याची वाट, हा उपाय आहे, पण अर्धवट. बरेचसे मत्स्यमार्ग सॅमनसारख्या जोरदार पोहणाऱ्या माशांसाठी बनले. तळाशी राहणाऱ्या किंवा लहान माशांना ते चढवत नाहीत. शिवाय परतीचा प्रवास विसरला जातो: प्रवाहासोबत वाहणारी अंडी जलाशयाच्या संथ पाण्यात तळाला बसून मरतात.

निरुपयोगी अडथळे काढून टाकावेत, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणं 2024 मध्ये पाडून झाली आणि त्याच शरद ऋतूत सॅमन वर पोहोचले. मात्र जिथे बंधारा परक्या, आक्रमक माशांना रोखतोय, तिथे आधी नीट तपासावं.