आधी नाव, मग पद

प्रिय मुली,

हे घरचे पत्र आहे म्हणून तुला 'मुली' म्हणते. ग्रामसभेत भेटलीस तर 'सरपंच' म्हणेन आणि तूही तिथे मला 'मावशी' म्हणू नकोस.

गाव 'वहिनी' म्हणते, ग्रामसेवक 'मॅडम' म्हणतो आणि निमंत्रणपत्रिकेवर 'सौ.' छापून येते. यांतले काय चालवून घ्यावे, असे तू विचारले आहेस. बोलण्यातल्या संबोधनांवरून वाद घालू नकोस. मृणाल गोरे 'पाणीवाली बाई' म्हणून गाजल्या आणि १९७७ मध्ये लोकसभेत गेल्या. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना गोवा त्यांना 'ताई'च म्हणत असे. बीडच्या खासदार केशरबाई क्षीरसागर सर्वांच्या 'काकू' होत्या. ही नाती लोकांनी त्यांना दिली. तुझे 'वहिनी' मात्र तुझ्या नवऱ्याच्या मित्रमंडळींकडून आले आहे, एवढे ओळखून ऐकून घे. कागदावर मात्र नाव आणि पद, दुसरे काही नाही.

'सौ.'मध्ये काय वाईट, असे तू विचारशीलच. आमच्या तालुक्यात एका सरपंचबाईंचे यजमान वारले, तेव्हा तेराव्याच्या आत पेंटरने कार्यालयातल्या फलकावरचा 'सौ.' खरवडून तिथे 'श्रीमती' रंगवले, आणि खालचा जुना रंग पुढची कित्येक वर्षे दिसत राहिला. त्यांच्या शेजारच्या रकान्यातल्या उपसरपंचांच्या 'श्री.'ला त्यांची बायको गेल्यावर कोणी हात लावला नव्हता. बाईच्या घरात काय घडले याची नोंद पंचायतीच्या भिंतीवर कशाला हवी? म्हणून पुन्हा सांगते, नाव आणि पद.

याच आग्रहापायी लोक मला हेकट म्हणत. जिल्हा परिषदेत असताना मी एका उद्घाटनाच्या पत्रिका परत पाठवून नव्याने छापून घेतल्या, आणि पुढच्या निवडणुकीत माझे तिकीट कापले गेले ते त्यामुळेच, असे आजही सांगतात. सांगोत बापडे. राज्याने २०११ मध्ये स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या; त्या 'अमक्यांच्या सौभाग्यवती' म्हणून भरायच्या असतील तर त्यांच्या यजमानांनाच निवडून आणले असते की! धनादेशावर ग्रामसेवकासोबत सही तुझी लागते, उद्या चौकशी लागली तर उत्तरही तूच देणार आहेस, मग पत्रिकेवर नाव लाजत का छापायचे?

तू लिहितेस की घरी वाईट दिसेल. दिसेल थोडे दिवस. फ्लेक्सवर यजमानांचा फोटो किती मोठा असावा ते तुम्ही घरी ठरवा, त्यात मी पडत नाही. पण २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या सूचनेचा मसुदा छापायला जाण्याआधी स्वतः वाच, नावाआधी काही चिकटवलेले दिसले तर लाल शाईने काट, आणि इतिवृत्तात 'सरपंचपती यांनी सूचना मांडली' असे आले असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत सही करू नकोस.

तुझी,
मावशी